विखुरलेले कंपाइलर फ्लॅग्ज आवरायचे कसे? सीमेक, सी++, नऊ वर्षं जुना प्रोजेक्ट

घाटमाथा:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे पण तुकड्यातुकड्यात लिहिला तर अर्धी माहिती राहून जाईल म्हणून सगळंच लिहितो.

आमचा सी++ चा प्रोजेक्ट आहे, लायडारचा (लेझर किरणांनी अंतर मोजणाऱ्या सेन्सरचा) डेटा घेऊन त्यातून जमीन, झाडं, इमारती वेगळ्या काढायचं काम करतो. आयगेन (मॅट्रिक्सच्या गणिताची लायब्ररी) आणि पीसीएल (पॉइंट क्लाउड, म्हणजे मोजलेल्या बिंदूंचा संच, हाताळणारी लायब्ररी) दोन्ही वापरतो. कोड नऊ वर्षं जुना, टीम पाच जणांची, आणि ज्यांनी सुरुवातीचं बिल्ड लिहिलं ते कधीच सोडून गेलेत. बिल्ड सीमेक या टूलने होतं, त्याच्या चौदा सीमेक-लिस्ट फायली आहेत आणि फ्लॅग्ज, म्हणजे कंपाइलरला द्यायचे पर्याय म्हणाल तर एक ना धड भाराभर चिंध्या. सगळ्यात वरच्या फायलीत सीएक्सएक्स फ्लॅग्ज सेट करणारी एक ओळ आहे, एडिटरमध्ये तीनदा गुंडाळली जाते इतकी लांब, त्यात ओ-टू (ऑप्टिमायझेशनची पातळी), मार्च-नेटिव्ह, परमिसिव्ह, नो-स्ट्रिक्ट-एलियासिंग, सी++११, पीथ्रेड, डब्ल्यू-ऑल (वॉर्निंग्ज चालू करणारा) आणि त्याच्या मागे आठ-नऊ डब्ल्यू-नो-अमुक (एकेक वॉर्निंग बंद करणारे). त्याखेरीज फिल्टर नावाच्या मॉड्यूलमध्ये कुणीतरी फास्ट-मॅथ घातलाय, टेस्टच्या फोल्डरमध्ये सीएक्सएक्स फ्लॅग्ज परत पहिल्यापासून सेट केलेत, आणि सीआयच्या (आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणाऱ्या व्यवस्थेच्या) स्क्रिप्टमधून अजून काही एन्व्हायर्नमेंटमधून येतात. कुठला फ्लॅग कशासाठी आहे ते कुणालाच सांगता येत नाही त्यामुळे काढायची कुणाची हिंमत होत नाही, जो येतो तो शेवटी एक जोडून जातो.

आत्ता हे उकरायचं कारण म्हणजे दोन गोष्टी झाल्या. महिन्याभरापूर्वी बिल्डचं मशीन बदललं आणि त्यानंतर दिलेली बायनरी एका ग्राहकाकडे सुरू होताक्षणी 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून पडली. आणि दुसरं, आमच्याच एका लॅपटॉपवर प्रोग्रॅम संपताना 'फ्री, इनव्हॅलिड पॉइंटर' येतं, बाकी चौघांकडे येत नाही. मला वाटतंय दोन्हीचं मूळ फ्लॅग्जमध्येच आहे पण घोडं नक्की कुठे पेंड खातंय ते कळत नाहीये.

तर विचारायचं असं की हे सगळं नीट लावायचं तर कुठला फ्लॅग कुठे ठेवायचा याला काही धरबंद आहे का, डब्ल्यू-एरर (वॉर्निंगलाही एरर धरणारा) लावावा का, आणि अॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारा) आम्हाला सुरू करायचाय तो या ढिगात कुठे घालू. कंपाइलर जीसीसी ११ आहे, सीमेक ३.२५.

जुना_मेकवाला:

आधी एक काम करा, काहीही हलवायच्या आधी. सीमेकला एक्स्पोर्ट कंपाइल कमांड्स चालू करून एकदा कॉन्फिगर करा, बिल्ड फोल्डरमध्ये एक जेसन फाइल तयार होते, तिच्यात प्रत्येक फायलीसाठी कंपाइलरला नेमकी कुठली कमांड जाते ते अख्खं लिहिलेलं असतं. प्रत्येक मॉड्यूलमधली एकेक फाइल घ्या आणि त्यांच्या ओळी एकाखाली एक लावून बघा. सीमेक-लिस्टमध्ये काय लिहिलंय ते वाचून अंदाज बांधू नका. मी खात्रीने सांगतो तुम्हाला तिथे एकाच ओळीत ओ-टू आणि ओ-थ्री दोन्ही दिसतील, कारण रिलीज बिल्डला सीमेक जीसीसीसाठी स्वतःहून ओ-थ्री आणि एन-डीबग (कोडमधल्या असर्टच्या तपासण्या बंद करणारा) लावतं आणि ते तुमच्या सीएक्सएक्स फ्लॅग्जच्या नंतर येतं, आणि जीसीसी शेवटचा ओ धरतं. म्हणजे तुम्ही इतकी वर्षं ओ-टू समजत होतात ते ओ-थ्री आहे. आणि ज्याने बिल्ड टाइप दिलाच नाही त्याच्याकडे मात्र खरंच ओ-टू, आणि असर्टही चालू.

आता लावायचं कसं. माझ्या डोक्यात एकच प्रश्न असतो, हा फ्लॅग कुणाचा. काही फ्लॅग कोडचे असतात, म्हणजे ते नसतील तर कोड चुकीचा चालेल किंवा कंपाइलच होणार नाही. काही मशीनचे असतात, कुठल्या प्रोसेसरसाठी बांधतोय त्यावर ठरतात. आणि काही त्या क्षणी बिल्ड करणाऱ्या माणसाचे, त्याला आज डीबग हवंय, उद्या सॅनिटायझर हवाय, परवा फक्त वेळ मोजायचाय. तुमच्या त्या लांबलचक ओळीत हे तिन्ही एकत्र मळलेत, म्हणून एकालाही हात लावता येत नाही.

ही काही माझी कल्पना नाही. जीएनयूच्या कोडिंग स्टँडर्ड्समध्ये कधीपासून लिहिलंय की सी-फ्लॅग्ज हा व्हेरिएबल वापरणाऱ्याचा आहे, प्रोजेक्टला जे लागतंच ते वेगळ्या ठिकाणी ठेवा म्हणजे त्याने मेकच्या कमांडवर सी-फ्लॅग्ज बदलला तरी बिल्ड मोडणार नाही. ऑटोमेकमध्ये म्हणूनच एएम-सी-फ्लॅग्ज असा वेगळा व्हेरिएबल आहे. डेबियन, जेंटू असल्या डिस्ट्रिब्युशनचं सगळं गणित याच शिस्तीवर चालतं, त्यांना हजारो पॅकेजेसमध्ये स्वतःचे हार्डनिंगचे (सुरक्षा वाढवणारे) फ्लॅग घालायचे असतात आणि ज्या प्रोजेक्टने सी-फ्लॅग्ज आतून बळकावलाय तो त्यांना हाताने पॅच करावा लागतो.

सीमेकमध्ये हेच धरायचं. सीएक्सएक्स फ्लॅग्ज हा व्हेरिएबल सीमेक-लिस्टमधून अजिबात सेट करू नका, तो बाहेरून येणाऱ्यासाठी मोकळा ठेवा. तुमच्या टेस्टच्या फोल्डरमध्ये जे 'परत पहिल्यापासून सेट' आहे ते तर सगळ्यात वाईट, कमांड लाइनवरून कुणी काही दिलं तर ते त्या फोल्डरमध्ये गुपचूप गायब होतं आणि माणूस दिवसभर शोधत बसतो की टेस्टना माझा फ्लॅग का लागत नाहीये.

कोडचे फ्लॅग टार्गेटवर (सीमेकमधली एकेक लायब्ररी किंवा प्रोग्रॅम) लावा. आणि बघाल तर त्या ओळीतलं बरंच काही फ्लॅग म्हणून लिहायची गरजच नाही. सी++११ काढा आणि टार्गेट कंपाइल फीचर्सने सी++१७ मागा, डिफाइन्स टार्गेट कंपाइल डेफिनिशन्समध्ये, इन्क्लूडचे पाथ टार्गेट इन्क्लूड डिरेक्टरीजमध्ये, पीथ्रेडसाठी थ्रेड्स पॅकेज शोधून ते लिंक करा. इतकं केलं की ओळ निम्मी होते. वॉर्निंग्जसाठी एक इंटरफेस लायब्ररी करा, तिच्यात एकही सोर्स फाइल नाही, फक्त डब्ल्यू-ऑल, डब्ल्यू-एक्स्ट्रा वगैरे, आणि तुमच्या प्रत्येक टार्गेटला ती प्रायव्हेट लिंक करा. प्रायव्हेट हा शब्द महत्त्वाचा, पब्लिक केलीत तर तुमची लायब्ररी वापरणाऱ्याच्या कोडलाही तुमच्या वॉर्निंग्ज चिकटतील. एक अडचण आधीच सांगून ठेवतो, स्टॅटिक लायब्ररी एक्स्पोर्ट करत असाल तर सीमेक तक्रार करेल की ही वॉर्निंगची लायब्ररी एक्स्पोर्ट सेटमध्ये नाही, तेव्हा तिला बिल्ड-इंटरफेसच्या जनरेटर एक्स्प्रेशनमध्ये गुंडाळा.

मशीनचे फ्लॅग टूलचेन फायलीत (कंपाइलर आणि प्रोसेसर कुठला ते सांगणारी वेगळी फाइल). माणसाचे प्रीसेट्समध्ये (नाव देऊन साठवलेल्या सेटिंग्ज), सीमेक ३.१९ पासून प्रीसेट्स आहेत, प्रोजेक्टची फाइल गिटमध्ये आणि प्रत्येकाची स्वतःची यूजर प्रीसेट्स फाइल गिटबाहेर. सॅनिटायझरचा एक प्रीसेट करा, त्याचं बिल्ड फोल्डर वेगळं ठेवा. तिथे फ्लॅग सीएक्सएक्स फ्लॅग्जमधूनच द्या, कारण अॅड्रेस सॅनिटायझर कंपाइलला आणि लिंकला दोन्हीकडे लागतो आणि सीएक्सएक्स फ्लॅग्ज सीमेक दोन्हीकडे पाठवतं. टार्गेट कंपाइल ऑप्शन्स फक्त कंपाइलला जातात, लिंकसाठी टार्गेट लिंक ऑप्शन्स वेगळं लिहावं लागतं, इथे खूप जण अडकतात आणि मग सॅनिटायझरची शंभर सिम्बॉल सापडत नाहीत म्हणून लिंकर ओरडतो.

व्हेक्टर_मित्र:

वरच्यांनी रचना छान सांगितलीये, मी फक्त तुमच्या दोन क्रॅशबद्दल लिहितो कारण आयगेनमध्ये मी स्वतः हे भोगलंय.

इल्लीगल इन्स्ट्रक्शन म्हणजे मार्च-नेटिव्ह. 'नेटिव्ह'चा अर्थ ज्या मशीनवर कंपाइलर चालतोय ते मशीन, प्रोग्रॅम चालणारं मशीन नव्हे. नवीन बिल्ड मशीनला एव्हीएक्स-५१२ (एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या इन्स्ट्रक्शन्स) असेल, ग्राहकाच्या प्रोसेसरला नसेल, तर पहिली तसली इन्स्ट्रक्शन आली की संपलं. जुनं मशीन योगायोगाने ग्राहकापेक्षा जुनं होतं म्हणून इतके दिवस चाललं.

फ्री-इनव्हॅलिड-पॉइंटर हे जास्त छुपं आहे. आयगेन हेडर-ओन्ली आहे, म्हणजे त्याचा कोड तुमच्या फ्लॅग्जने कंपाइल होतो. एव्हीएक्स नसेल तर त्याला १६ बाइटचं अलाइनमेंट (मेमरीचा पत्ता १६ च्या पटीत असणं) पुरतं, एव्हीएक्स असेल तर ३२ लागतं, एव्हीएक्स-५१२ ला ६४. आता ६४-बिट लिनक्सवर मॅलॉक (मेमरी मागायचं फंक्शन, फ्री हे परत करायचं) १६ चं अलाइनमेंट देतंच, त्यामुळे पहिल्या प्रकारात आयगेन साधा मॅलॉक आणि साधा फ्री वापरतं. ३२ लागलं की ते थोडी जास्त मेमरी मागतं, पॉइंटर पुढे सरकवतं आणि मूळ पत्ता त्याच्या अगदी मागे लिहून ठेवतं, मोकळं करताना तो मागचा पत्ता वाचून मग फ्री करतं. आता विचार करा, तुमचं पीसीएल डिस्ट्रिब्युशनच्या पॅकेजमधून आलंय, ते एव्हीएक्स न धरता बांधलेलं. तुमचा कोड त्या लॅपटॉपवर मार्च-नेटिव्हमुळे एव्हीएक्स धरून बांधलेला. एखादा मॅट्रिक्स किंवा पॉइंट क्लाउड तुमच्या बाजूने तयार झाला आणि पीसीएलच्या बाजूने मोकळा झाला, तर ते सरळ फ्री करतं, त्या सरकवलेल्या पत्त्यावर, आणि ग्लिबसी (लिनक्सची सी लायब्ररी) म्हणतं हा पॉइंटर मी दिलेलाच नाही. बाकी चौघांची मशीनं बघा, त्यांना एव्हीएक्स नसेल किंवा त्यांनी पीसीएल स्वतः बिल्ड केलं असेल.

उपाय म्हणजे नेटिव्ह काढून लेव्हल ठरवून लिहा. जीसीसी ११ ला एक्स८६-६४-व्ही२, व्ही३ असे पातळ्यांचे पर्याय कळतात. व्ही२ म्हणजे एसएसई ४.२ पर्यंत, अलाइनमेंट १६ च राहतं, पॅकेजमधल्या पीसीएलशी जुळतं. व्ही३ मध्ये एव्हीएक्स-टू आणि एफएमए येतं, वेग वाढेल पण मग पीसीएलसकट सगळं त्याच पातळीने स्वतः बांधा, अर्धं इकडे अर्धं तिकडे चालणार नाही. 'हा फ्लॅग कुणाचा' या प्रश्नाचं उत्तर इथे 'अख्ख्या प्रोसेसचा' असं आहे, एका टार्गेटचा नाही.

आणि तो फास्ट-मॅथ. कृपा करून आजच बघा तो पब्लिक आहे का. फास्ट-मॅथमध्ये फायनाइट-मॅथ-ओन्ली येतो, म्हणजे तुम्ही कंपाइलरला शब्द देता की माझ्याकडे नॅन ('हा आकडाच नाही' अशी किंमत) आणि इन्फिनिटी कधीच नसतात. मग तो इज-नॅनची तपासणी 'कायम खोटी' धरून उडवून टाकतो. लायडारमध्ये ज्या किरणाचा परतावा आला नाही तो पॉइंट पीसीएल नॅन म्हणूनच ठेवतं! म्हणजे फिल्टरमध्ये, जिथे नॅन गाळायचे तिथेच, गाळणी बंद. शिवाय जीसीसी १३ च्या आधी फास्ट-मॅथने शेअर्ड लायब्ररी लिंक केली तर ती लोड होताना प्रोसेसरचा फ्लोटिंग पॉइंटचा मोडच बदलते, फार छोट्या संख्या शून्य धरल्या जातात, आणि हे फक्त तुमच्या लायब्ररीपुरतं राहत नाही, लोड करणाऱ्या प्रोग्रॅमलाही लागू होतं. तुम्ही ११ वर आहात.

बोर्डवाली:

एम्बेडेडच्या बाजूने थोडं. मी कॉर्टेक्स-एम-फोर या छोट्या प्रोसेसरवर काम करते, आमच्याकडे मशीनचे फ्लॅग चुकले की निदान लिंकर लगेच सांगतो, हार्ड-फ्लोटची एक ऑब्जेक्ट फाइल आणि सॉफ्ट-फ्लोटची दुसरी आली की 'व्हीएफपी रजिस्टर आर्ग्युमेंट्स वापरतंय' म्हणून एरर. तुमच्या एव्हीएक्सच्या प्रकरणात असं सांगणारं कुणी नाही, म्हणून ते जास्त धोक्याचं.

टूलचेन फायलीबद्दल एक अनुभव. प्रोसेसरचे फ्लॅग आम्ही सीएक्सएक्स-फ्लॅग्ज-इनिट मध्ये ठेवतो. हा इनिट व्हेरिएबल फक्त पहिल्यांदा कॉन्फिगर करताना वाचला जातो, नंतर किंमत कॅशमध्ये बसते. आमच्या एका मुलाने फ्लोटचा पर्याय बदलला, परत बिल्ड केलं, काहीच फरक नाही म्हणून दोन दिवस बोर्डावर संशय घेत बसला. टूलचेन फाइल बदलली की बिल्ड फोल्डर उडवायचं, आम्ही आता हे त्या फायलीच्या पहिल्याच ओळीत मराठीतून लिहून ठेवलंय. एन्व्हायर्नमेंटमधून येणाऱ्या सीएक्सएक्स-फ्लॅग्जचंही अगदी तसंच, तुमच्या सीआयच्या स्क्रिप्टमधले फ्लॅग जुन्या बिल्ड फोल्डरला लागतच नसतील, तेवढं बघा.

आणि हो, ग्राहकाकडे गेलेली बायनरी कुठल्या फ्लॅगने बांधली होती ते आता कळेल का असा प्रश्न पडला असेल तर कळतं. डीबग माहितीसकट बिल्ड असेल तर जीसीसी त्यात प्रोड्यूसर म्हणून कंपाइलरची व्हर्जन आणि कोड बनवण्यावर परिणाम करणारे फ्लॅग नोंदवतंच, रीडएल्फ या टूलने डीबग इन्फो काढून प्रोड्यूसर शोधा. डीबग माहिती काढून टाकून देत असाल तर तुमच्याकडची न काढलेली प्रत जपून ठेवत जा.

कडक_वॉर्निंग:

डब्ल्यू-एररबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. माझं मत स्पष्ट आहे, लावा. वॉर्निंग्ज तशाच राहू दिल्या की तीनशे होतात आणि तीनशेमधली एक खरी कुणी वाचत नाही. तुमचे ते आठ-नऊ डब्ल्यू-नो म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, एका फायलीत कुणालातरी त्रास झाला आणि त्याने अख्ख्या प्रोजेक्टचं तोंड बंद केलं. बाहेरच्या लायब्ररीच्या हेडरमधून वॉर्निंग येत असेल तर तो इन्क्लूड सिस्टीम म्हणून घ्या, म्हणजे आय-सिस्टीमने जातो आणि तिथली वॉर्निंग आपोआप गप्प होते, स्वतःच्या कोडवर पांघरूण घालायला लागत नाही.

जुना_मेकवाला:

कडक, तुमच्या हेतूशी सहमत पण जागेशी नाही. डब्ल्यू-ऑलमध्ये काय येतं ते जीसीसीच्या प्रत्येक व्हर्जनला बदलतं. आज स्वच्छ असलेला कोड दोन वर्षांनी नव्या कंपाइलरवर कुणीतरी बिल्ड करायला घेतो आणि डब्ल्यू-एररमुळे त्याचं बिल्डच होत नाही, कोडमध्ये चूक नसताना. लिनक्स कर्नलमध्ये २०२१ साली ५.१५ च्या वेळी डब्ल्यू-एरर सगळ्यांसाठी मुळातच चालू केला गेला होता आणि काही दिवसांतच तो मागे घेऊन कंपाइल-टेस्टच्या बिल्डपुरता ठेवावा लागला, कारण कुठल्या आर्किटेक्चरवर कुठल्या कंपाइलरने काय वॉर्निंग निघेल याचा भरवसा नव्हता. कर्नलच्या माणसांना जे झेपलं नाही ते पाच जणांच्या टीमने करू नये असं मी म्हणत नाही, पण हा फ्लॅग कोडचा नाही, माणसाचा आहे. सीआयच्या माणसाचा.

सीमेकमध्ये याची गोम अशी की टार्गेट कंपाइल ऑप्शन्स ओळीत शेवटी येतात. डब्ल्यू-एरर तिथे टाकलात तर कुणी सीएक्सएक्स फ्लॅग्जमधून नो-एरर दिला तरी तुमचा नंतर येऊन जिंकतो. त्यापेक्षा सीमेक ३.२४ पासून कंपाइल-वॉर्निंग-अॅज-एरर नावाचा व्हेरिएबल आहे, तो सीआयच्या प्रीसेटमध्ये चालू करा. आणि कुणी तो सीमेक-लिस्टमध्येच चालू करून ठेवला असेल तरी बाहेरचा माणूस सीमेकच्या कमांडवर एक पर्याय देऊन बंद करू शकतो. तुमच्याकडे ३.२५ आहे, म्हणजे हे आहेच.

कडक_वॉर्निंग:

ठीक, सीआयमध्ये नक्की असेल तर माझी हरकत नाही. मला हे टार्गेटच्या क्रमाचं माहीत नव्हतं, आमच्याकडे टार्गेटवरच आहे, बदलतो.

डब्ल्यू-नो काढताना एक लक्षात ठेवा घाटमाथा. जीसीसीला न कळणारा डब्ल्यू-नो-अमुक दिला तर ते काही बोलत नाही, दुसरी काही वॉर्निंग निघालीच तर मग त्याच्यासोबत सांगतं की हा पर्याय ओळखीचा नाही. त्यामुळे त्या आठ-नऊमध्ये स्पेलिंग चुकलेले, दुसऱ्याच कंपाइलरचे पर्याय वर्षानुवर्षं बसलेले असू शकतात. 'नो' काढून सरळ रूप देऊन बघा, चुकीचा असेल तर लगेच एरर येईल.

घाटमाथा:

सगळ्यांचे मनापासून आभार. सहा दिवस झाले, काय काय निघालं ते सांगतो म्हणजे पुढे कुणाला उपयोग होईल.

कंपाइल कमांड्सची फाइल काढून चौदा फोल्डरमधल्या चौदा ओळी एकाखाली एक लावल्या. ओ-टू आणि ओ-थ्री खरंच एका ओळीत होते, मेकवाला तुम्ही न बघता सांगितलंत. सी++११ आणि सी++१७ सुद्धा एका ओळीत. आणि फास्ट-मॅथ चौदापैकी अकरा ठिकाणी! फिल्टरवर पब्लिक होता आणि फिल्टर सगळीकडे लिंक होतं, त्यामुळे तो झिरपत झिरपत सगळीकडे गेला. मी आमच्या गाळणीच्या फंक्शनचा असेंब्ली काढून बघितला, इज-नॅनच्या जागी काहीच नव्हतं, कंपॅरिझन नाही, जंप नाही, सरळ पुढचा कोड. गेल्या वर्षी एका सर्व्हेत जमिनीच्या उंचीत मधेच भोकं पडत होती आणि आम्ही सेन्सरला दोष देत होतो, ती फाइल परत चालवली, भोकं गेली. खरं सांगतो, ते बघून बराच वेळ मी नुसता बसून होतो.

लॅपटॉपचंही व्हेक्टर_मित्र म्हणाले तसंच निघालं, बाकी चौघांनी कधीतरी पीसीएल स्वतः बिल्ड केलं होतं, मार्च-नेटिव्हनेच, आणि ही नवीन मुलगी तेवढी पॅकेजमधलं वापरत होती. तिने बिचारीने चार वेळा सगळं परत इन्स्टॉल केलं होतं. आता व्ही२ ठरवलंय, टूलचेन फायलीत, आणि सगळ्यांनी पॅकेजमधलंच पीसीएल घ्यायचं. वेग किती पडतो ते मोजतोय, फरक फार असेल तर व्ही३ आणि सगळं स्वतः बांधू.

परमिसिव्ह (नियमात न बसणारा काही कोड चालवून घेणारा) काढला तर तीनच एरर आले, तिन्ही ठिकाणी कॉन्स्ट असलेल्या ऑब्जेक्टवर नॉन-कॉन्स्ट मेंबर फंक्शन बोलावलं जात होतं, त्यातल्या एका ठिकाणी तो पुढे खरंच बदललाही जात होता. तिन्ही नीट केले. डब्ल्यू-नोमधले तीन निव्वळ चुकीचे स्पेलिंग होते, दोन क्लँग या दुसऱ्या कंपाइलरचे, उरलेल्यांपैकी फक्त एक ठेवलाय. सॅनिटायझरचा प्रीसेट वेगळा झालाय, पहिल्याच रात्री त्याने टेस्टमध्ये अॅरेच्या बाहेरचं एक वाचन पकडलं.

मूळ ओळीतला निर्णय न झालेला एकच उरलाय, नो-स्ट्रिक्ट-एलियासिंग. गिटमध्ये मागे जाऊन बघितलं तर पॅकेट पार्सरसाठी घातलेला दिसतो, नेटवर्कवरून येणाऱ्या बाइट्सच्या बफरचा पॉइंटर सरळ फ्लोटचा करून वाचलाय. हा कोडचा फ्लॅग झाला ना? मग टार्गेटवर ठेवू का?

व्हेक्टर_मित्र:

कोडचाच आहे, पण त्या एका फायलीचा. ओ-टूला स्ट्रिक्ट एलियासिंग चालू होतं (एका प्रकारचा डेटा भलत्या प्रकारच्या पॉइंटरने वाचला जात नाही असं कंपाइलर धरतो) आणि बाइट्सचा बफर फ्लोट म्हणून वाचणं त्याच्या नियमात बसत नाही, आज नीट चालेल, उद्या इनलायनिंग बदललं की चुकीचा आकडा येईल. आत्ता लगेच सोर्स फायलीच्या प्रॉपर्टीवर तो फ्लॅग फक्त त्या फायलीला लावा, शेजारी कॉमेंटमध्ये कारण लिहा. आणि मग सवडीने त्या प्रत्येक जागी पॉइंटर कास्ट काढून फ्लोटच्या व्हेरिएबलमध्ये मेम-कॉपी करा. मेम-कॉपी म्हटल्यावर हळू होईल अशी भीती वाटते पण चार बाइटची ठरलेली कॉपी जीसीसी फंक्शन कॉल न करता एका लोड इन्स्ट्रक्शनमध्ये करतं, असेंब्ली तुम्ही बघताच आहात, तिथे दिसेल. ते झालं की फ्लॅग काढून टाका.

घाटमाथा:

सात जागा निघाल्या, सातही बदलल्या, असेंब्ली आधीसारखाच आहे. फ्लॅग काढला. वरच्या फायलीतली ती ओळ आज दुपारी डिलीट केली, कमिटमध्ये या सगळ्याची कारणं सविस्तर लिहिलीत, मराठीत लिहिली तर चालतील ना असं त्या नवीन मुलीने विचारलं, मी म्हटलं तूच लिही.